दुसऱ्या भागाबद्दल सारखे सारखे येणारे प्रश्न, एकदाच उत्तरं देऊन टाकते

माझ्या फे-व्हॅम्पायरवाल्या रोमान्स कादंबरीचा दुसरा भाग छापून आला आणि तेव्हापासून रोज रात्री मेसेज बघितले की तेच दहा-बारा प्रश्न, फक्त विचारणारी माणसं वेगळी. त्यामुळे आता इथे सगळं लिहून ठेवतेय, पुढं कुणी विचारलं की हेच पाठवणार, राग मानू नका. जिथं गोष्ट फुटते तिथं आधी सांगितलंय, तरी वाचलंत तर माझी जबाबदारी नाही.

पहिला भाग वाचलेला नाही, डायरेक्ट दुसरा वाचला तर चालेल का?

नाही. म्हणजे वाचा, पैसे तुमचे, पण चाळीस पानांनी मला मेसेज करून "ही कोण, तो कोण, हिला नाव का नाही" असं विचारू नका. ज्यांनी पहिला भाग दोन वर्षांपूर्वी वाचला आणि विसरले त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक विणकराची मुलगी, तिचा भाऊ फे लोकांनी (आयर्लंड-स्कॉटलंडच्या कथांमधली टेकडीत राहणारी मंडळी, खाली सांगते) उचलून नेला, ही त्याला सोडवायला टेकडीच्या आत गेली, आणि भावाच्या बदल्यात तिथल्या हिरव्या सरदाराला स्वतःचं नाव देऊन बसली. नाव दिलं म्हणजे काय तर आई-बापाला सुद्धा ती आठवत नाही. भाऊ घरी, ही आत. इथं पहिला भाग संपला आणि मला शिव्या पडल्या.

दुसऱ्यात काय आहे, न फोडता सांग ना

ती टेकडीत सात रात्री राहते आणि बाहेर येते तर सात वर्षं गेलेली. (हे मी शोधलेलं नाही, स्कॉटलंडच्या जुन्या पोवाड्यात थॉमस नावाचा माणूस एल्फ राणीबरोबर सात वर्षं जातो, आयर्लंडच्या कथेतला ओशीन तर तीनशे वर्षांनी परत येतो आणि घोड्यावरून जमिनीवर पडला की म्हातारा होतो.) या सात वर्षांत तिच्या गावावर पूर्वेकडून आलेल्या व्हॅम्पायर घराण्याचा ताबा आलाय. गावकऱ्यांनीच बोलावलंय त्यांना, फे लोकांपासून राखण करायला. आता ही ना गावाची ना टेकडीची, तिला कुणी ओळखत नाही, आणि रोज रात्री तिच्या झोपडीच्या दारात एक व्हॅम्पायर येऊन उभा राहतो, आत येत नाही, कारण ती बोलवत नाही. वाचकांनी त्याचं नाव "पाहुणा" ठेवलंय. मला आधी हसू आलं, आता मीपण तेच म्हणते.

हे "फे" काय असतं? सरळ परी म्हणायला काय झालं होतं?

आमच्या आईनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "फे म्हणजे फेफरं का गं?" त्यामुळे तुमचा प्रश्न मला लागत नाही.

परी म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर काय येतं? गॅदरिंगमधला पांढरा फ्रॉक, पुठ्ठ्याचे पंख आणि चांदणी लावलेली काठी. आयर्लंड-स्कॉटलंडची ही मंडळी तशी नाहीतच, ती माणसाएवढी असतात, टेकड्यांच्या आत राहतात, त्यांच्याकडचं खाल्लं की तुम्ही तिथंच अडकलात, लोखंड त्यांना सोसत नाही आणि पोरं बदलून नेतात. शब्द पण वेगळे आहेत, परी हा फारसी शब्द, आणि फे-फेअरी हे लॅटिनमधल्या नशीब या अर्थाच्या शब्दावरून फ्रेंचमार्गे आलेलं. ऐकायला सारखे, नातं काही नाही.

आपल्याकडं जवळचं काय म्हणाल तर साती आसरा. विहिरीवर, नदीच्या डोहाकाठी दुपारचं जायचं नाही, गेलं तर काहीतरी ठेवून यायचं, वाईट बोलायचं नाही. ती भीती आणि तो मान दोन्ही एकत्र, तसं आहे हे. तिकडं त्यांचं नाव घेत नाहीत, "भली माणसं" म्हणतात. आमची आजी रात्री साप म्हणायची नाही, लांबडं म्हणायची, तसंच की.

नायिकेला अख्ख्या पुस्तकात नाव नाही, वाचायला त्रास होतो

मला लिहायला किती झाला असेल. पण नाव देऊन टाकलंय ना तिनं. लेखिकेलाच माहीत नाही.

हिरव्या सरदाराचं काय केलंस तू? आम्ही पहिला भाग त्याच्यासाठी वाचला होता!!

हा प्रश्न नाही, हे भांडण आहे, आणि हे सगळ्यात जास्त वेळा आलंय. एका ताईंनी तर लिहिलं की तुम्ही आमचा विश्वासघात केलात, हिरो बदलणाऱ्या लेखिकेला वाचकांची किंमत नसते वगैरे.

आता शांतपणे ऐका. पहिल्या भागात एक नियम सांगितलाय, फे खोटं बोलू शकत नाहीत. हा नियम आजच्या कादंबऱ्यांत सगळीकडं दिसतो पण त्याची मुळं जुनी आहेत. बाराव्या शतकात वेल्समधून फिरलेल्या गेराल्ड नावाच्या पाद्र्यानं एका मुलाची गोष्ट लिहून ठेवलीय, तो मुलगा जमिनीखालच्या लोकांकडं जाऊन आला, आणि त्या लोकांना सगळ्यात जास्त तिटकारा कशाचा तर खोटं बोलण्याचा. आणि वर म्हटलं त्या थॉमसला राणीनं निघताना बक्षीस काय दिलं तर खोटं न बोलणारी जीभ. तो बिचारा म्हणतो की अशी जीभ घेऊन बाजारात कसं खरेदी-विक्री करू!

तर खोटं बोलता येत नाही म्हणजे माणूस चांगला असतो असं नाही. फक्त त्याला शब्द नीट निवडावे लागतात. पहिला भाग काढा, आणि हिरव्याची वाक्यं तेवढी पेन्सिलनं खुणा करत वाचा. "तुझ्यासारखी या दरबारात कुणी आली नाही." "तू गेलीस तर ही खोली रिकामी वाटेल." "तुला इथं काही कमी पडणार नाही." सगळं खरं. पण "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे वाक्य एकदा तरी सापडतंय का बघा. नाही सापडणार. म्हणू शकत नव्हता म्हणून नाही म्हणाला. तुम्हीच ते ऐकलं, आणि तिनं पण ऐकलं, तीच तर गंमत आहे.

याउलट पाहुणा थापा मारतो. पहिल्याच भेटीत तीन मारतो. पण त्याला उंबरठा ओलांडता येत नाही, तिनं "ये" म्हणाल्याशिवाय. मग आता तुम्ही मला सांगा, जो खोटं बोलत नाही पण विचारत पण नाही तो बरा, की जो खोटं बोलतो पण विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही तो बरा? मला उत्तर आधीपासून माहीत नव्हतं, लिहिता लिहिता बाराव्या प्रकरणाच्या आसपास कळलं. तोपर्यंत मीपण हिरव्याच्याच पार्टीत होते, खोटं कशाला सांगू.

आणि हिरवा मेलेला नाही, उगाच रडू नका.

हे नुसतं शब्दावर बोट ठेवून चालणारं जग जरा ओढूनताणून वाटतं

सोलापूरच्या माणसानं हे विचारावं? दर जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत आपण काय बघतो? आपलं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांच्याशी लग्न करायचंय म्हणून कुंभारकन्या हट्ट धरून बसली, ते तर योगी, मग त्यांनी सांगितलं माझ्या योगदंडाशी लग्न कर. तिचा शब्द पण राहिला, त्यांचं व्रत पण राहिलं. आणि संमती कट्ट्यावर त्या लग्नाच्या अक्षता टाकायला आजही सगळं गाव पांढऱ्या बाराबंदीत उतरतं, सात नंदीध्वज, पाय ठेवायला जागा नसते. ही श्रद्धेची गोष्ट आहे, माझ्या कादंबरीशी तुलना करत नाहीये, पण शब्द पाळण्याची गोष्ट लहानपणापासून खांद्यावर बसून बघितलेल्या माणसाला हे ओढूनताणून वाटू नये असं आपलं मला वाटतं.

तुझा व्हॅम्पायर दिवसा फिरतो कसा काय? चूक आहे ना ही?

चूक नाही. १८९७ च्या मूळ ड्रॅक्युला कादंबरीत तो काउंट लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो, फक्त दिवसा त्याची ताकद चालत नाही. उन्हानं व्हॅम्पायर मरतो हे १९२२ च्या एका जर्मन मूकपटानं आणलं आणि मग सगळ्यांनी तेच धरलं. मी जुन्या बाजूनं गेले. माझा पाहुणा दिवसा नुसता एक दमलेला माणूस असतो, डोकं धरून सावलीत बसलेला. हे वर्णन कुठून सुचलं विचारू नका, मे महिन्यात दुपारी दोनला सोलापुरात सात रस्ता चौकात रिक्षाची वाट बघत उभं राहा म्हणजे कळेल.

उंबऱ्याचा नियम पण ड्रॅक्युलात आहे. आणि दाणे मोजायचा नियम पूर्व युरोपच्या लोककथांमधला, व्हॅम्पायरच्या वाटेत खसखस नाहीतर धान्य सांडायचं, तो एक एक दाणा मोजत बसतो आणि पहाट होते. ते प्रकरण लिहिताना मी घरी ज्वारीचं एक मापटं मोजायला घेतलं होतं, किती वेळ लागतो बघायला. दहा मिनिटांत सोडून दिलं. मंगळवेढ्याच्या मालदांडीचं अख्खं पोतं सांडलं तर तो बिचारा गड्ड्याची जत्रा उठेपर्यंत बसेल.

आपल्याकडं वेताळ आहे, हडळ आहे, मुंजा आहे, मग हे परदेशी कशाला?

काका, तुमचा मुद्दा मान्य, पण वेताळ म्हणजे व्हॅम्पायर नव्हे. हा घोळ १८७० मध्ये रिचर्ड बर्टन या इंग्रजानं केला, वेतालपंचविशीचं इंग्रजी करताना त्यानं वेताळाला सरळ व्हॅम्पायर करून टाकलं. आपला वेताळ रक्त पीत नाही, कोडी घालतो, आणि कितीतरी गावांच्या वेशीवर तो शेंदूर लावलेला देव आहे, राखणदार आहे. त्याला मी रोमान्समध्ये घालू? वेशीवरून परत घरी जायचंय मला.

दुसरं असं की आपल्या भुतांना मी घाबरते. यांना नाही घाबरत, म्हणून यांच्यावर लिहिता येतं. बास, इतकं साधं आहे.

पान १९३ ते २०८ दोनदा का आहेत?

आता दुखऱ्या नसेवर पाय दिलात.

पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी शिवतात. काही प्रतींमध्ये तेरावा फर्मा दोनदा गेलाय आणि चौदावा, म्हणजे २०९ ते २२४, गायबच आहे. प्रेसवाल्यांचं म्हणणं बाइंडिंगवाल्याची चूक, बाइंडिंगवाल्याचं म्हणणं गठ्ठे चुकीचे आले, आणि मी मधल्या मध्ये दोन्हीकडं फोन करून करून दमले. नेमकी त्या सोळा पानांतच ती पहिल्यांदा "ये" म्हणते! अख्ख्या पुस्तकाचा जीव त्या सोळा पानांत आहे आणि तेच गायब.

पण खरी गंमत पुढं. पहिले दहा-बारा दिवस एकानेही तक्रार केली नाही. उलट मेसेज काय, तर "फे लोकांच्या देशात वेळ गोल फिरतो हे तुम्ही पानं परत छापून दाखवलंत, काय कल्पना आहे, अंगावर काटा आला." एकानं तर पाहुणा एकदम घरात कसा काय आला यावर मोठी थिअरी लिहून पाठवली. मी दोन दिवस गप्प बसले, म्हटलं घ्या जरा कौतुक, मग लाज वाटली आणि खरं सांगितलं. तुमच्या प्रतीत असं असेल तर १९३ नंबरच्या दोन्ही पानांचा फोटो पाठवा, प्रत बदलून देते, कुरिअरचा खर्च माझा.

कराराच्या सीनमधलं कापडाचं सगळं खरं आहे का? (इथं गोष्ट फुटते, न वाचलेल्यांनी खाली जा)

फे लोक करार लिहीत नाहीत, विणतात, हे माझं. पण विणकाम खरं आहे आणि त्याचं क्रेडिट आमच्या पप्पांचं. चाळीस वर्षं चादरीच्या कारखान्यात, अक्कलकोट रोडला, जेकार्डच्या म्हणजे नक्षी विणायच्या मागावर काढली त्यांनी. मी तो सीन पहिल्यांदा लिहिला तेव्हा नायिका कराराचं कापड हातात घेते, त्यातली एक तार ओढते आणि करार उसवतो, असं काहीतरी फिल्मी होतं. वाचून दाखवलं तर पप्पा म्हणाले, "असं एका तारेनं कापड उसवायला ते काय स्वेटर आहे का बे?"

मग उठले, कॉटवरची चादर काढली, जुनी, कडेला विरलेली, मोर असलेली. दिव्याखाली धरली. "हा मोर कुठल्या रंगाचा?" लाल, पांढऱ्यावर. उलटी केली. "आता?" पांढरा, लालवर. मी तीस वर्षं ती चादर पांघरतेय आणि कधी बघितलं नव्हतं की दोन्हीकडं तोच मोर आहे पण रंग उलटे. ते सांगत होते की दोन ताणे, दोन बाणे, वरचं खाली जातं खालचं वर येतं, मागाला वरच्या पट्टीची भोकं सांगतात कुठली तार उचलायची. नखानं कडेला दोन पदर वेगळे करून दाखवले, मोराच्या पोटात बोट जाईल एवढी पोकळी, आणि मोराच्या काठावर दोन्ही पदर एकमेकांत अडकलेले. "सुलटं बघून सही करणारा माणूस येडा," म्हणाले. "आधी उलटी करून बघायची."

मी त्या रात्री सीन फाडला आणि परत लिहिला. आता दुसऱ्या भागात ती काहीच ओढत नाही, तोडत नाही. भर दरबारात नुसतं कापड उलटं करते. सुलट बाजूला लिहिलंय की तिचं नाव सरदाराकडं राहील. उलट बाजूला, त्याच विणीत, सरदाराचं नाव तिच्याकडं राहील. दोन्ही खरं, कारण फे खोटं विणू शकत नाही. ती विणकराची पोर आहे, तिला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं, असं एका वाचकानं म्हटलंय, बरोबर आहे त्यांचं, पण मलाच तीस वर्षं लागली की.

गोष्टीतलं ते झुडूप फे आणि व्हॅम्पायर दोघांच्याही कामाचं कसं?

हॉथॉर्न, तिकडचं एक काटेरी झुडूप. हे खरंच तसं आहे, मला सापडलं तेव्हा मी खुर्चीवरून उठले होते. आयर्लंडमध्ये एकटं उभं असलेलं हॉथॉर्न फे लोकांचं, तोडायचं नाही. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात नवा रस्ता होताना असं एक झुडूप वाचवायला तिथल्या एका कथेकऱ्यानं आवाज उठवला आणि ते वाचलं. आणि तिकडं सर्बियात व्हॅम्पायरला ठोकायचा खुंटा हॉथॉर्नचाच लागतो. म्हणजे एकाचं देवाचं झाड, दुसऱ्याचं मरण. दोन कुळांना एका गोष्टीत आणायला मी सहा महिने काहीतरी शोधत होते आणि ते झाडच निघालं.

व्हॅम्पायरचा भाग वाचून कुणी घाबरलं असेल तर, १७२५ मध्ये सर्बियाच्या किसिल्येवो गावात खरंच थडगं उकरून खुंटा ठोकलेला आणि ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यानं तसा रिपोर्ट वर पाठवलेला. पुढं १७५५ मध्ये ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीच्या डॉक्टरनं हे सगळं अंधश्रद्धा आहे असं सांगितलं आणि राणीनं थडगी उकरायला बंदी घातली. दुसऱ्या भागातली म्हातारी वैद्यीण तिथून आली.

किती स्पायसी आहे?

शेंगा चटणीएवढं. म्हणजे आधी वाटतं काही नाही, मग कळतं.

सिरियसली सांगायचं तर अठराच्या खालच्यांनी नको. दोन सीन आहेत, एकविसावं आणि चौतिसावं प्रकरण, दार लावून घेतलेलं नाही मी. शिवाय रक्त आहे, आणि एक लहान मूल दगावतं, ते ज्यांना जड जाईल त्यांनी एकोणतिसावं प्रकरण सोडलं तरी गोष्ट कळते. आमच्या मावशीनं पूर्ण वाचलं आणि जेवताना फक्त एवढंच म्हणाली, "बरंच लिहितेस गं." त्यानंतर भाकरी वाढली. अजून त्याचा अर्थ लावतेय मी.

सगळी भाषा सोलापुरी का? टेकडीतला फे "काय बे" कसं म्हणतो?

एकच फे म्हणतो, दारावरचा पहारेकरी, आणि तो मला सगळ्यात आवडतो. त्याला पुण्याचं बोलायला लावलं होतं आधी, खोटा वाटत होता. आणि फे तर खोटं बोलू शकत नाहीत.

तिसरा कधी?

लिहितेय. आमच्याकडं पाणी चार दिवसांनी येतं आणि बहुतेक रात्रीचं येतं, मोटर लावून टाकी भरेपर्यंत जागं राहावंच लागतं, तेव्हा लिहिते. म्हणजे तुम्हीच हिशोब करा. तिसऱ्यात नाव परत मिळतं का, हे सांगणार नाही. पाहुणा मरतो का, हेही नाही. (तो आधीच मेलेला आहे, हा जोक पन्नास जणांनी केलाय, बास आता.)

पुस्तक कुठं मिळेल, सही करून मिळेल का?

मेसेज करा, पत्ता द्या, सही करून पाठवते. सहीसोबत नाव घालून हवं असेल तर नाव नीट लिहून पाठवा, मागच्या वेळी एका "श्रेया"ला मी "श्रेयस" केलं आणि तिनं लिहिलं की माझं नाव कुणाला दिलंत तुम्ही. फोन करू नका, रात्री तर नकोच, मोटर चालू असते, ऐकू येत नाही.